सातारा पास, पुणे फेल: एका उन्हाळ्याचं मेंटॉरिंग

नाव, वर्ष, प्रोजेक्ट सगळं गाळलंय. गूगलच्या उन्हाळी कार्यक्रमात ज्या पोराचा मी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, होतो त्याला विचारूनच लिहितोय, त्याची अट एकच की कॉलेज कळता कामा नये. त्याला इथे सातारकर म्हणतो, का ते पुढे कळेल.

पार्श्वभूमी

मी पुण्यात नोकरी करतो आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सर्च लायब्ररीचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, असतो. वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये शोधायचा डबा असतो ना, त्याच्या मागे शब्द जुळवायचं काम करणारा कोड. प्रोजेक्ट लहान आहे, नियमित हात लावणारी आम्ही सहा-सात माणसं, कोणी जर्मनीत, कोणी ब्राझीलमध्ये, बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही.

गूगल समर ऑफ कोड बहुतेकांना माहीत असेल. नवख्यांना उन्हाळ्यात ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायला देणारा हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. पैसे गूगल देतं, काम प्रोजेक्टचं, आणि मेंटॉर आमच्यासारखे हौशी लोक. पूर्वी विद्यार्थी असणं गरजेचं होतं, २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखा एवढं पुरतं, पण आमच्याकडे अर्ज येतात ते अजूनही मुख्यतः इंजिनिअरिंगच्या पोरांचेच. मेच्या सुमारास निवड जाहीर होते, मग तीनेक आठवडे ओळखपाळखीचे, त्याला कम्युनिटी बाँडिंग म्हणतात, आणि मग बारा आठवडे कोडिंग. मध्ये एक मिडटर्म आणि शेवटी एक फायनल. मेंटॉरने फॉर्म भरून पास की फेल सांगायचं. मिडटर्मला पास झालं की स्टायपेंडचा ४५ टक्के हप्ता, उरलेला ५५ फायनलनंतर. मिडटर्मला फेल म्हणजे तिथेच खेळ खलास, पैसेही नाहीत.

आमच्या लायब्ररीत मराठीची बोंब होती. 'ॲप' शोधलं तर 'अॅप' लिहिलेलं सापडायचं नाही, कारण पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे आणि दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे, दिसायला सारखंच पण कॉम्प्युटरला वेगळं. तसंच 'दऱ्या'चं. हा अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक नुक्त्याचा ऱ वापरून आणि दुसरी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून. त्यात हा जॉइनर कोणी काढून टाकला की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो, दर्या! मराठी माणसाला हसू येतं पण सर्चला कुठलं हसू.

सातारकरने याच गोष्टीवर प्रपोजल टाकलं आणि ते सगळ्यात सरस होतं. त्याने 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं की एकात गुरुजी आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. मी तिथेच भाळलो. फक्त त्यात दोन कामं होती, एक हे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच शब्दाची वेगवेगळ्या पद्धतीने टाइप केलेली रूपं एकसारखी करणं, आणि दुसरं स्टेमर, म्हणजे घरात, घराला, घरापासून या सगळ्यांचं मूळ 'घर' काढणं. साइझ मोठी, ३५० तास. दोन्ही मिळून एका उन्हाळ्यात होणार नाही हे मला कळायला हवं होतं, सह-मेंटॉरने तसं विचारलंही होतं, पण आपल्या भाषेचं काम चाललंय या आनंदात मी "होईल होईल" म्हणून मोकळा झालो. सह-मेंटॉर म्हणजे जर्मनीतल्या एक बाई, प्रोजेक्टमध्ये माझ्याहून जुन्या, देवनागरीचं एक अक्षर येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

अडचण कशी सुरू झाली

पहिल्या दिवशी त्याचा खाजगी मेसेज आला, "गुड इव्हनिंग सर, थोडं विचारायचं होतं." मी म्हटलं विचार. वीस मिनिटं काही नाही. मग "नंतर विचारतो सर." आमच्या ग्रुप चॅनलवर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, बाईंना पण मी नावानेच बोलतो. सातारकरला ते झेपेना. नावाने हाक मार म्हटलं तर तो दोन दिवस हाकच मारेना, सरळ वाक्याला सुरुवात करायचा. शेवटी मीच म्हटलं की बाबा दादा म्हण, आणि त्याला जे हायसं वाटलं ते मला इकडे कळलं. त्या रात्री त्याने अकरा प्रश्न विचारले, मराठीत, व्हॉट्सॲपवर, आणि प्रश्न चांगले होते.

इथे पहिला निर्णय झाला आणि तो निर्णय आहे हे मला तेव्हा कळलंच नाही. मला वाटलं पोराची भीड मोडली, काम झालं.

मग परीक्षा. त्याच्या प्रपोजलमध्ये लिहिलं होतं की मे अखेरीस पेपर संपतील. टाइमटेबल पुढे ढकललं गेलं, जे आपल्याकडे कोणालाच नवीन नाही, आणि पेपर जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबले. त्याने मला सांगितलं, मला एकट्याला. मी म्हटलं, "आधी पेपर दे, कोड कुठे पळून जात नाही." हे मी बाईंना सांगितलं नाही, लपवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. हिशोब केला असता तर दिसलं असतं. ३५० तास बारा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला साधारण २९, तीन आठवडे गेले की उरलेल्या नवांत जवळपास ३९, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच, तीही अशा पोराला ज्याला अजून कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटमधल्या रिबेसची धास्ती वाटते.

पेपर संपले तसा तो जोमाने लागला, ते मला माहीत होतं. रोज रात्री साडेनऊ-दहाला कोडचे स्क्रीनशॉट यायचे, मोबाइलने लॅपटॉपच्या स्क्रीनचे काढलेले तिरके फोटो, आणि मी जेवण झाल्यावर आडवा पडून उत्तरं टाइप करायचो. कधीकधी उत्तर कसलं, आख्खं फंक्शनच लिहून द्यायचो, त्याला समजावण्यापेक्षा ते लवकर व्हायचं. ग्रुप चॅनलवर मात्र त्याची शेवटची पोस्ट "हॅलो एव्हरीवन" हीच होती.

मिडटर्मच्या दहा दिवस आधी बाईंची मेल आली. साधी चार ओळींची. पाच आठवड्यांत मुलगा कुठे दिसलेला नाही, एकही पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा कोड प्रोजेक्टमध्ये घ्या' अशी रीतसर विनंती) नाही, त्याची तब्येत बरी आहे ना, आणि तसं काही कारण नसेल तर फेलचा फॉर्म भरायचा का हे ठरवायला हवं. मला रागच आला आधी. एवढा राबतोय पोरगा! मग मी तिला दाखवायला पुरावा शोधायला लागलो आणि पुरावा सगळा माझ्या फोनमध्ये, मराठीत, तिरक्या फोटोंच्या रूपात. प्रोजेक्टच्या दृष्टीने सातारकर अस्तित्वातच नव्हता.

मी त्याला म्हटलं जे असेल ते टाक. त्याने मिडटर्मच्या सहा दिवस आधी रात्री दोनला एकच पीआर उघडला, चार हजारांवर ओळी, नॉर्मलायझेशन, अर्धवट स्टेमर, फॉरमॅटिंगचे बदल, चुकून आलेल्या दोन फाइली, सगळा काला. कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायची टीप, "चेंजेस", "चेंजेस २", "फायनल", "फायनल फायनल". सीआय, म्हणजे कोड आपोआप तपासणारी यंत्रणा, लाल, म्हणजे नापास. चार हजार ओळींचा पीआर रिव्ह्यू करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, कोणी करतच नाही, वरवर बघून दोन टायपो काढतात आणि उठतात.

स्टेमरचा तुकडा मी त्यातल्या त्यात बघितला. 'घरात'मधला 'ात' कापून 'घर', बरोबर. पण नियम एवढा उघडा होता की 'वरात'चा 'वर' होत होता, जो एका अर्थी बरोबरच आहे म्हणा, आणि 'भात'चा नुसता 'भ'.

कोणते पर्याय होते

फेल करणं हा एक. नियमाने बघितलं तर तेच बसत होतं, ठरलेल्या कामातलं काही मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, झालेलं नाही, संवाद नाही. बाईंचा कल इकडे होता आणि त्यांचा मुद्दा कठोर नव्हता. त्या म्हणाल्या की आत्ता दया दाखवून पास केलं तर ऑगस्टमध्ये हेच दुप्पट त्रासाने करावं लागेल. त्यांनी एका उन्हाळ्यात तसं केलं होतं.

पास करून ताकीद देणं हा दुसरा, मला मनातून तोच हवा होता. त्यात एक गोष्ट होती जी निर्णयात यायला नको पण आली. सातारकरने बोलता बोलता सांगितलं होतं की पहिल्या हप्त्यातून शेवटच्या वर्षाच्या फीचे पैसे भरायचे ठरलंय आणि घरी सांगूनही झालंय. हे ऐकल्यावर फॉर्मवरचं 'फेल' बटण डोळ्यासमोर धरून बघा एकदा.

तिसरा पर्याय आम्ही चर्चेत घेतला नाही कारण मी तो गुपचूप करून बघत होतो. त्याची ब्रांच, म्हणजे कोडची त्याची वेगळी प्रत, उतरवून घेऊन मीच साफ करायची. दीड तास बसलो एका रात्री, लिंटच्या (कोडच्या मांडणीच्या) चुका काढल्या, दोन फंक्शनं नीट लिहिली, मग पाणी प्यायला उठलो तेव्हा लक्षात आलं की हे त्याच्या नावावर जाणार आणि मिडटर्मला मी स्वतःलाच पास करणार. ते बदल टाकून दिले. मी काही फार सज्जन आहे म्हणून नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं होतं हेही एक कारण.

चौथा, मुदत वाढवणं. २०२२ पासून बारा आठवड्यांचं काम बावीस आठवड्यांपर्यंत नेता येतं, आणि मुदत वाढली की मिडटर्मही पुढे सरकते. हे ऐकायला सोपं वाटतं पण त्याची पण किंमत आहे. सातारकरचं पुढचं सेमिस्टर सुरू होणार होतं, प्लेसमेंटचा सीझन त्यातच, म्हणजे आत्ता रिकामा असताना जे झालं नाही ते कॉलेज सांभाळून करायचं. आणि पैसेही उशिरा येणार, फीचा प्रश्न तसाच.

घोडं एका प्रश्नावर अडलं होतं. कोड त्याचा स्वतःचा आहे का आणि त्याला तो कळलाय का? बाईंना ते कळायला मार्ग नव्हता आणि माझ्या शब्दाला या बाबतीत अर्थ उरला नव्हता, अर्धी फंक्शनं मीच टाइप केलेली.

काय केलं

तिघांचा व्हिडिओ कॉल लावला. पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. बाईंनी साधंच विचारलं की या फाइलमध्ये काय चाललंय, आणि सातारकर इंग्रजीत "सो बेसिकली" म्हणून थांबायचा, परत "बेसिकली" म्हणायचा, मी मध्ये पडून सांगायला लागलो तर बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, त्याला त्याच्या भाषेत बोलू दे, तू फक्त भाषांतर कर, आणि स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालू नकोस.

मग तो उठला, कुठूनतरी वही आणली, आणि स्केचपेनने मोठा 'र' काढून कॅमेऱ्यासमोर धरला. खाली नुक्ता. मग हलन्त. मग य. "हे चार तुकडे आहेत मॅडम, पण दिसताना दोनच दिसतात," असं म्हणून त्याने दुसऱ्या पानावर दऱ्या आणि दर्या काढले, आणि जॉइनर दाखवता येत नाही म्हणून तिथे नुसतं ठिपक्यांची रिकामी चौकट. वीस मिनिटं बोलला. मध्ये वहीचं पान उलटं धरलं गेलं, कोणाला कळलं नाही, बाई त्या उलट्या 'र'कडे पण तितक्याच लक्षाने बघत होत्या. मी भाषांतर करत होतो आणि मला जाणवलं की यातलं निम्मं मला त्याने कधी सांगितलेलंच नाही, मी विचारलंच नव्हतं, मी उत्तरं देण्यात गुंतलो होतो.

कॉल संपल्यावर बाईंनी फेलचा विषय काढला नाही. मुदत वाढवायची ठरलं. प्रोजेक्टच्या ॲडमिनशी बोलून मिडटर्म पुढे नेली. स्टेमर पूर्ण काढून टाकला, फक्त नॉर्मलायझेशन ठेवलं. सातारकरला हे लागलं, स्टेमर त्याचा लाडका होता, पण 'भ' दाखवल्यावर तोच हसला.

तो चार हजारांचा पीआर बंद केला आणि त्याचे तुकडे करायला त्यालाच लावलं. पहिला तुकडा फक्त ॲ आणि अॅचा. साठेक ओळी. तो दीड दिवसात मर्ज झाला आणि सीआय हिरवं झालेलं बघून त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, या वेळी सरळ.

आणि एक नियम केला जो बाईंनी सुचवला, मी एकट्याने तो केला नसता. कोडबद्दलचं सगळं बोलणं प्रोजेक्टच्या थ्रेडमध्ये, सगळ्यांसमोर, पण भाषा मराठी चालेल. खाली दोन ओळी इंग्रजीत, मोडकंतोडकं असलं तरी चालेल. बाकीच्यांनी मशिन ट्रान्सलेशन लावून वाचायचं. व्हॉट्सॲप फक्त ताप आला, लाइट गेली, आजोबांचं वर्षश्राद्ध आहे असल्या गोष्टींना. मला सुरुवातीला वाटलं लोक वैतागतील. ब्राझीलचा गडी उलट खूश झाला, त्याने दुसऱ्या दिवशी एका इश्यूवर (करायच्या कामाच्या नोंदीवर) पोर्तुगीजमध्ये लिहून खाली दोन ओळी इंग्रजी टाकल्या.

पहिला आठवडा सातारकर थ्रेडमध्ये लिहायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवून "दादा हे बरोबर आहे का" विचारायचा, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं चालूच. मी उत्तर देणं बंद केलं. तीन-चार दिवस मला स्वतःलाच ते जड गेलं, दोन निळ्या टिका दिसतायत आणि आपण गप्प बसायचं.

पुणे आणि पण

आता ती गोष्ट जिच्यामुळे हे लिहायला घेतलं.

तिसरा की चौथा तुकडा होता. शब्दावर एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्यांची आमची जुनी साखळी आहे, तिच्यात नॉर्मलायझेशन जोडायचं. मी रिव्ह्यू केला, टेस्ट बघितल्या, सगळ्या हिरव्या, ओके दिला. बाईंनी मर्ज करण्याआधी एक काम केलं. मराठी विकिपीडियाच्या लेखांची शीर्षकं उतरवून घेतली, सगळी कोडमधून चालवली, आणि मोजलं की किती वेगवेगळ्या शब्दांचा शेवटी एकच शब्द होतो. आकडा फारच मोठा आला. मग थ्रेडमध्ये त्यांनी दोन शब्द चिकटवले आणि विचारलं, तुमच्या भाषेत हे दोन एकच आहेत का?

एक होता 'पुणे'. दुसरा होता 'पण'.

झालं असं होतं की लायब्ररीत आधीपासून एक पायरी होती, फ्रेंच वगैरेसाठी, अक्षरावरच्या खुणा काढून टाकणारी, म्हणजे टोपीवाला 'ê' आणि बिनटोपीचा 'e' एकच धरायचा. ती पायरी युनिकोडची (कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची) एक कॅटेगरी बघते, नॉनस्पेसिंग मार्क. स्वतःची जागा न घेणाऱ्या खुणा. युरोपियन भाषांत त्या काढल्या तर फार बिघडत नाही. देवनागरीत मात्र डोक्यावर आणि पायाशी बसणारं सगळं याच कॅटेगरीत येतं, उकार, ऊकार, एक मात्रा, अनुस्वार, नुक्ता, हलन्त. काना, वेलांट्या, ओकार हे शेजारी जागा अडवून बसतात म्हणून वाचतात. सातारकरचं नॉर्मलायझेशन अगदी बरोबर होतं, पण साखळीत या जुन्या पायरीच्या मागे उभं होतं. नॉर्मलायझेशनच्या हाती शब्द येईपर्यंत पुण्याचा 'पण' झालेला असायचा, मुंबईची 'मबई', धुळ्याचं 'धळ', कोल्हापूरचं 'कोलहापर'. ज्या दऱ्या आणि दर्यासाठी एवढा उपद्व्याप केला ते दोन्ही 'दरया' होऊन गळ्यात गळे घालून बसलेले.

मग टेस्ट हिरव्या कशा? मी टेस्टची फाइल परत उघडली. अर्ध्या र ची टेस्ट त्याचं फंक्शन थेट बोलावून केलेली होती, जुनी पायरी त्यात येतच नव्हती. आणि पूर्ण साखळीच्या टेस्टमध्ये पाच शब्द होते. सातारा, कराड, वाई, पाटण, फलटण.

पोराने आपल्या जिल्ह्यातले तालुके टाकले होते. आणि बघा, या पाचांत वरची-खालची एकही खूण नाही, नुसते काने आणि उघडी अक्षरं. शब्द आत जातो तसाच बाहेर येतो. त्याने महाबळेश्वर टाकलं असतं तरी तिथेच फुटलं असतं, पण ते टाइप करायला लांब आहे म्हणून नाही टाकलं, असं तो नंतर म्हणाला.

मला जास्त लागलं ते वेगळंच. ही पाच नावं मी वाचली होती. मराठी येतं म्हणूनच मी ती वाचून छान वाटून पुढे गेलो, सातारा लिहिलंय, सातारा आलंय, बरोबर. जिला अक्षर येत नाही तिने वाचलं नाही, मोजलं. आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर चाललं असतं तर तिच्यापर्यंत पोचलंच नसतं, आम्ही दोघं मराठी माणसं एकमेकांची पाठ थोपटत पुढच्या तुकड्याला लागलो असतो.

दुरुस्ती त्याने एका दिवसात केली. जुनी पायरी आता आधी लिपी बघते, देवनागरी असेल तर हात लावत नाही. मग त्याने स्वतःच थ्रेडमध्ये लिहिलं की बंगाली, गुजराती, तमिळमध्ये पण असंच होत असणार, आणि तपासून दाखवलं. तो पहिला मेसेज होता जो त्याने मला न विचारता टाकला, निदान माझ्या फोनवर तरी त्याचा मसुदा आला नाही.

शेवटी काय झालं

सरकवलेली मिडटर्म तो पास झाला, फायनल पण झाला. नॉर्मलायझेशन सात तुकड्यांत मर्ज झालं आणि पुढच्या रिलीजमध्ये गेलं. स्टेमरचा इश्यू अजून उघडा आहे, कोणाला हवा असेल तर घ्या.

फीचे पैसे वेळेवर आले नाहीत, घरच्यांनी कुठूनतरी सोय केली. मुदत वाढवण्याचा आमचा शहाणपणा त्याच्या घरी कसा दिसला असेल याची मला कल्पना आहे. त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

तो प्रोजेक्टमध्ये टिकला का? नाही म्हणायला हवं. नोकरी लागली, बंगळूरला गेला, त्यानंतर दोनदा येऊन छोटे पीआर टाकून गेला. आमच्याकडे आलेल्यांतले बहुतेक असेच जातात आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं मी सोडलंय. टेस्टच्या फाइलमध्ये आता पुणे, धुळे, मुंबई, कोल्हापूर आणि महाबळेश्वर आहेत, आणि त्यांच्या वर ते जुने पाच तालुके तसेच, त्याच्या कॉमेंटसकट: "हे कधीच तुटत नाहीत, तरी राहू द्यात."

आज परत केलं तर

प्रपोजल निवडतानाच अर्धं कापलं असतं. ३५० तासांचं काम आणि जूनमध्ये लोंबकळणारी परीक्षा एकत्र दिसली की आता मी आधीच विचारतो की पेपर लांबले तर काय, आणि उत्तर लिखित घेतो, सह-मेंटॉरला दिसेल असं. मुदत वाढवायचीच होती तर ती जूनमध्ये, पेपर पुढे गेले त्याच आठवड्यात वाढवायची होती, मिडटर्म डोक्यावर आल्यावर नाही. ही चूक सरळसरळ माझी.

पहिला पीआर बाँडिंगच्या काळातच मर्ज व्हायला हवा, अगदी कॉमेंटमधली चूक सुधारलेली का असेना. चार हजार ओळी साठतात त्या आळसाने नाही साठत, पहिली ओळ दाखवायची लाज वाटते म्हणून साठतात. आणि फंक्शन लिहून द्यायचं नाही, रात्री दहाला तर मुळीच नाही.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्याला सगळं ग्रुपवर विचार म्हटलं असतं तर तो बोलला असता का? बाई म्हणतात बोलला असता, थोडा वेळ लागला असता इतकंच. मला वाटतं तो दुसऱ्या आठवड्यात गायब झाला असता आणि आम्ही शांतपणे फेलचा फॉर्म भरला असता. ते पहिले अकरा प्रश्न 'दादा'लाच विचारले जाणार होते. चूक त्यात नव्हती बहुतेक, बाराव्या प्रश्नाला मी त्याला हात धरून थ्रेडमध्ये नेलं नाही त्यात होती, पण बारावा कुठला ते त्या वेळी कसं ओळखायचं हे मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या मार्चमध्ये एका मुलीचा मेसेज आला, "सर, एक विचारायचं होतं, ग्रुपवर नको." मी लिहिलं की विचार, पहिल्या काही गोष्टी इथे चालतील, नंतर आपण थ्रेडमध्ये जाऊ, मराठीत लिहिलंस तरी चालतं, आणि सातारकरच्या जुन्या थ्रेडची लिंक दिली. तिने "ओके सर" लिहिलं. प्रश्न अजून आलेला नाही.